पत्रा कुठे पळून चाललाय?

तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात शिरा. मालक बदललेला असेल, साहेब तर दर पावसाळ्याला बदलतात, गेटवरची पाटी दोनदा रंगवून झालेली असेल. पण मेंटेनन्सच्या शेडमध्ये एक नाना असतोच. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे काका, कुठे नुसतंच ‘मिस्त्री’. माणूस तोच. इलेक्ट्रिकच्या लोखंडी पॅनेलला भोक पाडायचं असलं की ज्याला बोलवावंच लागतं, आणि बोलावल्यावर पहिला तासभर ज्याला बोलावल्याचा पश्चात्ताप होतो, तो हा.

भोक पाडायला पाच मिनिटं लागतात. ते कशाने पाडायचं हे ठरवायला नानांना सबंध शिफ्ट लागते. आपण घड्याळ बघायला लागलो की नाना शांतपणे म्हणतात, “घाई कसली आहे? पत्रा कुठे पळून चाललाय?”

आमचे नाना पामहून येतात. कारखान्यांच्या भिंती संपतात न संपतात तोच त्यांच्या गावाची शेतं लागतात. पूर्वी सायकल होती, आता स्कूटर आहे, वेग तोच. ते नोकरीला लागले तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कागदांवरचे पत्ते बदलले. नानांच्या लॉकरवर मात्र अजून ‘जि. ठाणे’ असंच आहे, कारण ते त्यांनी अक्षरपंचने ठोकलेलं आहे. “ठोकलेलं पुसता येत नाही. म्हणूनच आधी विचार करायचा असतो,” असं ते वर आपल्यालाच ऐकवतात.

नाना समोरून आले की आधी पट्टी चमकते, मग नाना दिसतात. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, स्क्राइबर आणि एक लाल पेन्सिल. पट्ट्याला चामडी पाकिटात व्हर्नियर. गळ्यात दोरीचा चष्मा. पँटच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक जाड चुंबक. या चुंबकाने त्यांची एटीएम कार्डं एकामागून एक निकामी केली. शेवटी बँकेतल्या बाईंनी विचारलं, “काका, तुम्ही कार्ड ठेवता तरी कुठे?” नानांनी चुंबक काढून काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या टाचण्या सरकत आल्या. तेव्हापासून कार्ड काकूंकडे असतं आणि चुंबक नानांकडे.

मी खरेदी विभागात. म्हणजे नानांच्या मागणीपत्रांचा पहिला वाचक आणि बहुधा पहिला बळी. बाकीचे लोक ‘ड्रिल बिट, सेट, १’ एवढं लिहून मोकळे होतात. नाना लिहितात, ‘भोक २२.५ मिमी. २२ नव्हे. २३ नव्हे.’ पॅनेलवरच्या हिरव्या-लाल बटणांना आपण बावीसची बटणं म्हणतो, पण त्यांना भोक लागतं साधारण साडेबावीसचं. बाजारात होल सॉ मिळतो बावीसचा. तो फिरताना किंचित हलतो आणि भोक आपोआप थोडं मोठं पडतं, बटण बसतं, जग चालतं. मी हे नानांना सांगितलं. नाना म्हणाले, “बसतं ना. पण ते हलण्याचं माप तुम्ही बिलात कुठल्या रकान्यात लिहिणार?” मी गप्प बसलो. खरेदी विभागाला गप्प बसवणारा माणूस कारखान्यात दुसरा नाही.

काम सुरू होतं ते पॅनेल वाजवून. नाना मधल्या बोटाच्या पेराने दारावर टकटक करतात, कान तिरका करतात आणि सांगतात, “सोळा गेज.” मग व्हर्नियर लावून खात्री करतात. १.६ मिलिमीटर. चौदा गेज म्हणजे २ मिलिमीटर, अठरा म्हणजे १.२. गेजचा आकडा वाढत जातो तसा पत्रा पातळ होत जातो. हा नियम नानांनी हुद्द्यांनाही लावून पाहिला आहे आणि तो बरोबर येतो असं त्यांचं म्हणणं आहे.

मग चार प्रश्न येतात. पत्रा किती? भोक किती? आत काय आहे? बाहेर काय आहे? शेडमधला नवा मदतनीस उत्तर प्रदेशातला असो की ओडिशाचा, पहिल्या आठवड्यात त्याला हे चार प्रश्न पाठ होतात. नाना त्याला आपल्या खास हिंदीत समजावतात, “देख, पहिले समझने का, बाद में काटने का. काटने के बाद समझके कुछ उपयोग नहीं.” ‘उपयोग’वर आले की नानांचं हिंदी संपतं आणि अर्थ सुरू होतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्हर्नियर देतो. तिसरा महत्त्वाचा. पॅनेल रिकामा असेल तर काहीही करा. पण आत वायरिंग झालेलं असेल, कॉन्टॅक्टर, एमसीबी, ड्राइव्ह, कार्डं बसलेली असतील, तर लोखंडाचा एकेक कण म्हणजे पुढच्या शॉर्टसर्किटचं बी. आणि चौथा प्रश्न तर आमच्याकडे सगळ्यात मोठा. पश्चिमेला नवापूर-दांडीचा समुद्र, हवेत मीठ, त्यात रसायनांची वाफ, वर चार महिने पाऊस. कापलेली कड उघडी राहिली की गणपतीपर्यंत तिथून तांबडा ओघळ निघालाच म्हणून समजा.

उत्तरं मिळाली की हत्यारांवर चर्चा. नानांचं प्रत्येक हत्याराशी वेगळं नातं आहे.

चार इंची ग्राइंडर हा जुना वैरी. “गोल चाकाने चौकोन कापतायत!” असं म्हणून ते कपाळाला हात लावतात. त्यात तथ्य आहे. चाक गोल असल्यामुळे कोपरा पुरा तुटायचा तर चीर कोपऱ्याच्या पुढे जाते आणि मीटर बसवल्यावर चारी कोपऱ्यांतून मिशा फुटल्यासारख्या रेघा डोकावतात. शिवाय ठिणग्यांनी पावडर कोटिंग जळतं, आणि जळलेल्या कडेला गंज आधी धरतो. ग्राइंडर हा शब्दसुद्धा नाना शेडमध्ये हळू आवाजात उच्चारू देतात.

जिगसॉ चालतो, पण त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आधी चार कोपऱ्यांत चार भोकं, मग बारीक दात्यांचं पातं, इंचाला चोवीस दाते. दाते मोठे असले की पातळ पत्रा त्यांच्यात अडकतो आणि दार थडथडायला लागतं. जिगसॉच्या बुडाला टेप, दारावर टेप, टेपवर मार्किंग. नानांचं मार्किंग पाहिलं की वाटतं, हे असंच राहू द्यावं.

होल सॉ मेहनती आहे, पण कापलेली चकती पोटात धरून बसतो आणि स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढावी लागते. शिवाय त्याला हळू फिरवावा लागतो. कंत्राटदाराची पोरं ट्रिगर पूर्ण दाबतात, धूर निघतो, दाते निळे पडतात आणि माझ्याकडे नवं मागणीपत्र येतं. स्टेप ड्रिल नानांचं लाडकं. शंकूसारखं, पायरीपायरीने भोक मोठं करत जाणारं, आणि पुढची पायरी आधीच्या पायरीचा बर, म्हणजे कडेला उठलेली धार, साफ करत जाते. अट एकच, कुठल्या पायरीवर थांबायचं ते कळलं पाहिजे. नाना त्या पायरीच्या वर रंगीत टेपचा वेढा देतात. “माणसांनापण असा टेप लावायची सोय पाहिजे होती,” असं ते मिटिंगमधून परत आले की म्हणतात.

आणि सगळ्यात वर हायड्रॉलिक पंच. तो नानांनी कंपनीच्या पैशाने पण स्वतः जाऊन आणला, मुंबईत नागदेवीला. डहाणूपर्यंत लोकल यायला लागली २०१३ साली. त्याच्या आधीची ही गोष्ट. शटलने विरार, तिथून लोकल, मग मरीन लाइन्सहून चालत. दुकानदाराने सेट पुढे ठेवला. नानांनी पिशवीतून घरून नेलेला चौदा गेजचा तुकडा काढला आणि म्हणाले, “पाडून दाखवा.” दुकानदार म्हणाला, “काका, लोक आंबे असे चाखून घेतात.” नाना म्हणाले, “आंबा एक दिवसाचा असतो.” दुकानदाराने पाडून दाखवलं. मधोमध बोल्ट जाईल एवढं भोक, एका बाजूला डाय, दुसऱ्या बाजूला पंच, हँडल मारत राहायचं. एक ‘टक्’ आणि चकती खाली. ना कीस, ना ठिणगी, ना जळालेला रंग. नानांनी कड अंगठ्याने तपासली, मग दुसऱ्या अंगठ्याने तपासली, आणि मगच पाकीट काढलं. तो सेट त्यांच्या लॉकरमध्ये धोतराच्या फडक्यात असतो. मॅनेजरनाही तो सही केल्याशिवाय मिळत नाही.

पंचमधून पडलेल्या चकत्या नाना टाकत नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या मापाप्रमाणे लावलेल्या असतात. पामला गणपतीच्या जागरणात पत्त्यांचा डाव रंगतो तेव्हा पैशांऐवजी या चकत्या चालतात. बाविसाची म्हणजे एक रुपया, तिसाची म्हणजे पाच. एका वर्षी कुणीतरी होल सॉने कापलेली चकती खेळात घुसवली. नानांनी अंधारात, नुसत्या बोटाने ओळखली. मधोमध भोक तर पंचच्या चकतीलाही असतं. नानांनी ती कडेच्या खरखरीवरून कुठल्या कारखान्यातली आहे तेही सांगितलं.

निबलर नावाचं एक हत्यार असतं, पत्रा चावत चावत जाणारं. आपण तो घ्यावा की नाही, यावर मी या कंपनीत लागल्यापासून चर्चा चालू आहे.

नाना उगीच घाबरवतात असं नव्या लोकांना वाटतं. त्यांना शेजारच्या एका कारखान्याची हकिकत सांगावी लागते. तिथे भरलेल्या पॅनेलच्या डोक्यावर घाईने एक भोक हवं होतं. कंत्राटदाराच्या पोराने वरून ग्राइंडर घातला, पाच मिनिटांत काम केलं आणि जाताना ‘सफाई’ म्हणून आत कॉम्प्रेसरची हवा मारली. म्हणजे जो कीस वर पडला होता तो नीट सगळ्या कार्डांच्या खाली जाऊन बसला. काही दिवसांनी रात्रपाळीत ड्राइव्हचं कार्ड गेलं. नानांना मदतीला बोलावलं. नाना गेले, मेन बंद करून घेतला, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि पिशवीतला चुंबक कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला. पिशवी उलटी केली की कीस पिशवीत, चुंबक स्वच्छ. ही त्यांची युक्ती. मग त्यांनी पांढऱ्या कागदाची पुडी बांधली, अंगाऱ्याची बांधतात तशी, आणि तिथल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. ती पुडी त्या मॅनेजरच्या खणात अजून आहे म्हणतात.

वरून भोक पाडणं हा तर नानांच्या दरबारात पहिला गुन्हा. केबल खालूनच यायची. खाली ग्लँड प्लेट कशाला दिलेली असते? ती सोडवून बाहेर घ्या, टेबलावर भोकं पाडा, घासा, कडेला रंग लावा, परत बसवा. कीस आत जात नाही आणि पाणी केबलवरून ओघळत आलं तरी खालीच टपकतं. पण साहेबांना घाई असते. असेच एक साहेब एकदा म्हणाले, “नाना, बॉक्स आयपी ५५ आहे, काही होत नाही.” हा आयपीचा आकडा आंतरराष्ट्रीय आहे, पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. नानांनी भोकाकडे बोट दाखवलं. “साहेब, हा आकडा अख्ख्या बॉक्सचा असतो, भोकासकट. आता यातून पालसुद्धा आत जाईल. पालीचा आयपी किती?”

हेच साहेब नवीन होते तेव्हा नानांनी आम्हाला त्यांच्याबद्दल सल्ला दिला होता. त्याला पार्श्वभूमी अशी, की औषधांच्या कारखान्यांत पॅनेल स्टेनलेस स्टीलचे असतात. स्टेनलेसवर ड्रिल नुसतं जोरात फिरवत ठेवलं तर ते कापत नाही, घासतं. आणि घासलं की ती जागा आणखी कडक होऊन बसते. म्हणून वेग कमी, तेल भरपूर, आणि दाब मात्र सोडायचा नाही. नाना म्हणाले, “नवे साहेब स्टेनलेस आहेत. हळू घ्या, तेल लावा, पण दाब सोडू नका.” युनियनच्या पुढाऱ्यांनी हे वाक्य लिहून घेतलं. त्या वर्षी बोनस बरा झाला.

नानांचं वाचन फार नाही, पण त्यांना जे माहीत आहे ते हाताला भाजून माहीत आहे. एकदा ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या जाड सिंगल-कोर केबली होत्या. तीन फेज, तीन केबली. कुणीतरी लोखंडी प्लेटला तीन सुबक गोल भोकं पाडून त्या वेगवेगळ्या आत घेतल्या. दिसायला देखणं काम. लोड आला तशी प्लेट तापायला लागली. सगळे ग्लँड घट्ट करत बसले, कुणी केबललाच दोष दिला. नाना म्हणाले, “तिघा भावांना तीन वेगळ्या दारांनी घरात घेतलंत तर घर तापणारच. एका दारातून येऊ द्या, भांडण आपसात मिटतं.” इंजिनिअर लोक त्याचं कारण सांगतात ते असं, की एकट्या केबलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतं, तिन्ही फेज एकत्र असल्या की ती क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. नाहीतर प्लेट ॲल्युमिनियमची घ्यायची. आम्ही ॲल्युमिनियमची घेतली. मागणीपत्रावर नानांनी कारण लिहिलं होतं : ‘भावबंदकी.’ ऑडिटरने त्याखाली लाल रेघ मारली आहे.

एवढा चर्चेचा शौकीन माणूस, पण एकदाच त्याने चर्चा केली नाही. सॉल्व्हंटच्या शेडमध्ये फ्लेमप्रूफ बॉक्स असतात. जाड ओतीव धातूचे, भरपूर बोल्टांचे. तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजरला एका बॉक्समध्ये आणखी एक केबल हवी होती. सगळ्यांना वाटलं, आता नाना टकटक करणार, कान तिरका करणार, दुपार गेली. नाना म्हणाले, “नाही.” बस. मॅनेजर म्हणाले, एकच भोक आहे. नाना म्हणाले, “हा बॉक्स गॅसला बाहेर ठेवायला नाही केलेला. गॅस आत जाणारच. आत स्फोट झाला तर तो आतल्या आत जिरावा, सांध्याच्या फटीतून बाहेर येताना ज्वाळा थंड व्हावी, असं मोजून केलेला आहे. माझ्या ड्रिलने ते सर्टिफिकेट फाटतं.” मग त्यांनी बॉक्सभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूला कंपनीनेच दिलेली एक जास्तीची एंट्री होती, प्लगने बंद केलेली. तिथून केबल घेतली. नाना स्कूटरवर बसले आणि वेळेवर घरी गेले. काकूंना वाटलं, बरं नाही.

घरी नाना वेगळे असतील असं समजू नका. पामच्या घरात देव्हाऱ्यातल्या दिव्याची वायरसुद्धा खालून येते, मध्ये एक झोका घेऊन. म्हणजे अभिषेकाचं पाणी वायरवरून आलं तरी त्या झोक्यापाशीच टपकतं. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आहे. काकू म्हणतात, “देवालासुद्धा यांनी खालूनच कनेक्शन दिलंय.” मी एकदा काकूंना विचारलं, तुमचं लग्न तरी लवकर ठरलं का? काकू म्हणाल्या, “तीनदा बघायला आले होते. तिसऱ्यांदा माझ्या वडिलांनी विचारलं, आता काय बघायचंय? तर हे दाराकडे बघत म्हणाले, कडी चांगली बसवलीय.” नाना म्हणाले, “बसवली होतीच चांगली.”

गावच्या मंडळाच्या गणपतीचा मेन बोर्ड नानांकडे असतो. पोरांचा मंडप उभा राहतो, देखाव्याचा किल्ला उभा राहतो, बेंजो येतो, नाना मार्किंग करत असतात. एका वर्षी बाप्पा येऊन बसले, प्राणप्रतिष्ठा झाली, पहिली आरती समईच्या उजेडात झाली आणि ‘घालीन लोटांगण’च्या वेळी नानांनी ग्लँडचा शेवटचा आटा फिरवून मेन वर केला. लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्यांनी तो चमत्कार समजून परत हात जोडले. पोरं वैतागली होती, पण त्या वर्षी भर पावसात आजूबाजूचे मंडप अंधारात गेले आणि आमचा किल्ला अकराही दिवस झगमगत होता. पोरांनी पुढल्या वर्षी नानांना महिनाभर आधी सांगितलं.

या सगळ्याचं मूळ कुठे आहे, हे नाना स्वतःच सांगतात. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. त्याच्या बांधकामावर नानांचे वडील रोजंदारीवर केबल ओढायला होते. ते घरी येऊन सांगायचे, तिथे भिंतीत भोक पाडायचं तर आधी कागद हलतो, मग माणूस हलतो, मग मशीन. लहानपणी नानांना वाटायचं, भोक ही फार मोठी गोष्ट असली पाहिजे. ते वाटणं पुढे आयटीआयनेही कमी केलं नाही. तिथे त्यांनी ओळीने भोकं पाडून, छिन्नीने तोडून, कानशीने घासून एक चौकोन केला होता. मास्तरांनी गुण्या लावला आणि एका कोपऱ्यातून उजेड दिसला म्हणून परत करायला लावला. आजही शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक अप्रेंटिसला नाना आधी तोच चौकोन करायला लावतात. बाण्णव बाय बाण्णव. शहाण्णवच्या मीटरचं हे कट-आउट. मीटरची चौकट चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर झाकून घेते. पोरगं म्हणतं, नाना, झाकलं जाणार आहे. नाना म्हणतात, “झाकायला दोन दिलेत. चुकायला नाही.”

गेल्या हिवाळ्यात मात्र नानांवर संकट आलं. नवा पॅनेल आला तो लेसरने कापलेला. भोकं आधी, रंग नंतर, त्यामुळे कड न् कड रंगवलेली. नानांनी दारासमोर स्टूल ओढलं आणि एकेक भोक मोजलं. बाण्णव पॉइंट दोन. बाण्णव पॉइंट तीन. सगळी चालणाऱ्या मापात. बर शोधायला अंगठा फिरवला, अंगठा स्वच्छ. बराच वेळ बसून शेवटी म्हणाले, “ठीक आहे.” नानांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नाही. पण चेहरा पडला होता. चर्चेला काही उरलंच नव्हतं.

नानांना वाचवलं ते ड्रॉइंगने. ‘ड्रॉइंग फायनल आहे’ हा नानांचा आवडता विनोद आहे. तो कुणी दुसऱ्याने सांगितला तरी ते हसतात. पॅनेल उभा झाला, वायरिंग झालं, दुसऱ्या दिवशी चालू करायचा, आणि कन्सल्टंटच्या नव्या यादीप्रमाणे मीटर आला तो शहाण्णवचा नव्हे, एकशे चव्वेचाळीसचा. म्हणजे बाण्णवचं भोक आता एकशे अडतीसचं करायचं. रंगवलेल्या दारात. भरलेल्या पॅनेलवर. नानांनी चष्मा पुसला. चेहऱ्यावर तेज आलं.

पण तिथे आमची ट्रेनी इंजिनिअर होती, पालघरची मुलगी, नानांकडे सहा महिने उमेदवारी केलेली. नानांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “पत्रा सोळा गेज. भोक एकशे अडतीस चौकोन. आत ड्राइव्ह आणि कार्डं, म्हणून दार उतरवून टेबलावर घ्यायचं. वायरी सुटत नाहीत त्या प्लास्टिकमध्ये बांधायच्या. बाहेर खारी हवा, म्हणून ग्राइंडर नाही. जिगसॉ, चोवीस दात्यांचं पातं, बुडाला टेप, कडेला प्रायमर. मीटर दर बाजूला चोवीस मिलिमीटर वाढतो, खालच्या बटणांच्या ओळीपर्यंत तीस आहेत, सहा मोकळे राहतात.” शेड शांत. चर्चा सुरू व्हायच्या आत संपली होती. मदतनिसाने दार टेबलावर आणलं, टेप लागला, मार्किंग झालं. मुलीने जिगसॉ हातात घेतला. नाना स्टुलावर बसून होते. मला वाटलं, माणूस एका दिवसात म्हातारा झाला.

तेवढ्यात नाना म्हणाले, “पोरी, पाचवा प्रश्न राहिला.”

“पाचवा कुठला, नाना?”

“भोक पाडायलाच हवं का?”

नानांनी नव्या मीटरच्या खोक्यावरचा नंबर मोठ्याने वाचला आणि मला फोन लावायला सांगितला. मी पुरवठादाराला फोन लावला. तोच मीटर, तीच अचूकता, तेच कम्युनिकेशन पोर्ट, शहाण्णवच्या आकारात मिळतो का? मिळतो म्हणाला. किमतीला थोडा कमीच. बोईसरला संध्याकाळपर्यंत पोचवतो. कन्सल्टंटला विचारलं, तर ते म्हणाले, चालेल की, आकाराचं काही नाही, यादी दुसऱ्या कामावरून उचलली होती. मुलीने जिगसॉ खाली ठेवला आणि दारावरचा टेप हळूहळू सोलायला लागली. नाना तिला म्हणाले, “मार्किंग मात्र सुरेख केलं होतंस,” आणि चहाची ऑर्डर दिली, सगळ्यांना.

मोठा मीटर परत पाठवायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी परतीचा फॉर्म भरत होतो. ‘कारण’ या रकान्यात ‘आवश्यकता नाही’ असं लिहायला लागलो, तर नाना पाठीमागे उभे. म्हणाले, “तसं लिहू नका. ‘आवश्यकता आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं’ असं लिहा.”

मी म्हटलं, “नाना, रकाना केवढासा आहे. एवढं मावणार नाही.”

नानांनी खिशातून पट्टी काढली, रकान्यावर आडवी धरली, मग उभी धरली आणि म्हणाले, “दोन ओळींत मावतंय. पण पेन बारीक टोकाचं घ्या.”